तुले घाम येत नाही

प्रिय हर्षा,

फोन केला तर तू मधातच कट करशील, म्हणून लिहून राहिली. पुरं वाच, मग राग धर.

अजून एप्रिलच आहे, पण अकोल्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कूलर घरघर करून राहिला अन् मी फरशीवर पालथी पडली आहे. कपाळाचा घाम कागदावर पडून एखादं अक्षर पसरलं तर रडली समजू नको. मले तेवढी फुरसत नाही. आत्ताच डोळा लागला होता. तू चिखलदऱ्याच्या उतारावर धुक्यातून चालून राहिली होती, पायाखाली जमीन नव्हती तरी चालत होती. मी हाका मारत होती अन् माह्या तोंडातूनही धुकंच निघत होतं.

तू तान्ही होती तेव्हा फुलांच्या टोपल्याजवळ तुले घेऊन मी बाजारात बसत होती. साऱ्या लेकरांच्या मानेवर घामोळ्या, तुह्या मानेवर एक नाही. बाया म्हणत, कशी कोरडी ठक्क पोरगी, साहेबाची लेक जशी! मी बावळट, खूश होऊन रोज तुही दृष्ट काढत होती. अन् दुपार झाली की तुले ताप चढे, दिवस कलला की उतरे. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं, घाम येते म्हणून माणूस ऊन सोसते, आतली गरमी बाहेर टाकते. हिच्या कातडीत घाम काढायची सोयच नावाले आहे. त्या दिवशी मोगऱ्यावरचं ओलं फडकं मी अर्धं तुह्यावर ओढलं. खाली फुलं अन् तू, दोघंही झोपलेले. पुढं होळी झाली की तुले पार्वतामावशीकडे चिखलदऱ्याले पाठवायचं अन् पाऊस लागला की आणायचं. लोकं समजले, पोरीले थंड हवेचा शौक आहे. आपण समजू दिलं.

आता मुद्द्याचं. परवा रोहितच्या घरचे आले. लग्न मे महिन्यात, मैदानात मांडव, मुहूर्त दुपारचा. तुह्या बापानं मले डोळ्यानं खुणावलं, गप राय. तूही रडून सांगितलं होतं, आई, लग्न लागेपर्यंत बोलू नको, सोयरीक मोडन. मी पोहे दिले, चहा दिला, अन् माह्या डोळ्यापुढं तू, शालूत, हळदीच्या अंगानं, भरल्या मांडवात तापून आडवी पडलेली. मग सांगून टाकलं. सगळं. तुही होणारी सासू ललिताबाई, तिनं कप खाली ठेवला अन् म्हणे, लेकरंही अशीच झाली तर? मी म्हटलं, ते डॉक्टरले विचारा, तुमच्या पोराच्या लेकरांले टक्कल पडन काय हे मी विचारलं काय? तुह्या बापानं कपाळावर हात मारला. पाहुणे उठून गेले.

काल भर दुपारी दार वाजलं. रोहित, एकटाच. मले वाटलं, साक्षगंधाची अंगठी मागायले आला. तर म्हणे, काकू, उन्हाळ्यात तिले कसं ठेवायचं ते सांगा. मी चिडून म्हटलं, तिचा घाम वरून टाकावा लागते, शर्ट भिजव अन् घालून बस, समजन तुले. तो खरंच मोरीत गेला, शर्ट भिजवून आला, बादली घेऊन खिडकीशी बसला. वाळला की पुन्हा भिजवे. भिंतीवर पाण्याचा उजेड हलून राहिला होता, तो तुह्या लहानपणचं विचारत होता, मी अर्ध्या झोपेत असल्यासारखी सांगत होती. दुपार कुठं गेली समजलंच नाही.

जाताना म्हणे, आईले अजून पटलं नाही, मी पाहतो. सोयरीक मोडली तर मोडली, हर्षा. मांडवात तू पडलेली मले पाहायची नाही. पण रविवारी तो परतवाड्याहून बसनं तुह्याकडे वर चिखलदऱ्याले येऊन राहिला, म्हणून हे पत्र. लपू नको, अन् 'मले काही होत नाही' असं म्हणू नको. उंबऱ्यात उभा राहून त्यानं मले एकच विचारलं, ऊन चढलं की तिले आतून कसं लागत असन? ते तूच सांग त्याले. मी काय सांगू? मले तर घाम येते.

तुझीच,
तोंडाची फाटकी आई