मधली धूळ

१२ मे १९५८
आज पुन्हा पिवळं धोतर! वर्गात ताऱ्यांमधल्या तेजोमेघांवर बोलत होतो, तर मागच्या बाकावरची पोरं धोतराकडे बघून खुसखुसत होती. घरी येऊन रत्नप्रभेला झाडलं. "अहो, नीळ वाढवली की हो," म्हणे. मी म्हणालो, "अजून वाढव!"

२० मे
काल संध्याकाळी धुळीची आंधी. सूर्याचा तांबडा गोळा झाला. वर्गात आयता दाखला! तेजोमेघाचंही असंच — वाटेतली बारीक धूळ निळा उजेड विखरून टाकते, तांबडा बराचसा पुढे सोडते. तारा मंद दिसतो, तांबूस दिसतो. त्यात ताऱ्याचा काय दोष? "मधे काय आहे ते आधी बघा," असं पोरांना बजावलं. पोरं खूश. मीही.

३ जून
चिडून राजा पार्कच्या बाजारातून कोरं धोतर आणलं. तेही पिवळट! दुकानदार शपथेवर सांगतो, "प्रोफेसरसाब, दूध जैसा सफेद है!" चोर लेकाचा.
रत्नप्रभा म्हणाली, "एकदा डोळे दाखवता का?" माझे डोळे? तारे बघण्यात जन्म गेला माझा! ओरडलोच. ती निळीची पुडी घेऊन मोरीवर गेली.

२८ ऑगस्ट
आज रत्नप्रभेचा तेरावा. साधा ताप, साधा ताप म्हणत राहिलो.
तापातही धोतरं धुतली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. मी म्हणालो, "या खेपेला बरी निघालीत." हसली होती. तेवढंच एक बरं बोललो.

१० सप्टेंबर
ट्रंक उघडवत नाही.

१५ जानेवारी १९५९
फळा दिसेना, म्हणून डॉ. माथुरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! "बरसों का है. सब पीला-पीला नहीं दिखता था?"
गाढव मी! मधे काय आहे ते आधी बघा — लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिनं सांगितलं होतं. आता माफी कुणाची मागू?

२ मार्च
एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आज जाड चष्मा मिळाला. ट्रंक उघडली. एकही धोतर पांढरं नाही. सगळी निळी!
नव्या चष्म्याचा भास असेल म्हणून शेजारच्या सुमित्राबाईंना दाखवली. "निळीच आहेत हो. कितीदा टोकलं वहिनींना. म्हणायच्या, ह्यांना पांढरं दिसलं म्हणजे झालं."
उद्या वर्गात ह्यातलंच नेसून जाणार.