उशाखालचं लिंबू

आबा,

तुम्ही उठायच्या आत मी दौलताबादची बस धरते. संध्याकाळी येणाऱ्या देवऋषीला फोन करून नको म्हणा. मला कुणी झपाटलेलं नाय. अमेरिकेतनं येऊन मला चारच दिवस झालेत, अन् तिकडं रात्र असते तव्हा इथं दिवस असतो. याला जेट लॅग म्हणतात. म्हणून भर दुपारी ताटावरच डोळा लागतो, पहाटं तीनला भाकर शोधते, अन् काल भारतदादानं नुसतं "कशी हायेस?" विचारलं तर रडू फुटलं. अंगाला अजून कळलंच नाय की मी घरी आले.

आज दिवसभर उन्हात फिरणार, त्यानंच ताळ्यावर येईन. आल्यावर नऊपर्यंत मला निजू देऊ नका.

तुम्ही माझ्या उशाखाली ठेवलेलं उताऱ्याचं लिंबू मी सरबतात पिळून प्यायले. काय व्हायचं ते होऊ द्या.

अन् एक सांगा. मेंढरं नव्या रानात नेली की चार-चार दिवस नीट चरायची नाहीत, रातभर उभी राहायची. तव्हा तुम्ही देवऋषी बोलवत नव्हता. कांबळं टाकून त्यांच्यात बसायचात.

माझ्याजवळ या चार दिवसांत एकदा तरी बसलात?

प्रांजली