पिंपातले बाबा

१४ जानेवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. यीस्टच्या कारखान्यात बढती मिळाल्याचं वाचलं. नाक वर गेलं असेल, ते जरा खाली घे आणि हे वाच.

आई तळघरातून वर यायला तयार नाही. सफरचंदांचा रस भरून, पिंपाला बूच लावून बाबा तिथेच कोसळले, ते तू जाणतोसच. त्यांना पोचवून आलो आणि पिंप बोलायला लागलं. बुचातल्या नळीतून बुडबुडा येतो, थांबतो, पुन्हा येतो. आई म्हणते, त्यांचा श्वास त्यात गेलाय. बाबांनी सायडरमध्ये, आपल्या त्या सफरचंदाच्या दारूत, बाहेरचं यीस्ट कधी घातलं नाही. जे आंबायचं ते सालीवरच्या आणि त्यांच्या हातांवरच्या यीस्टनं. म्हणून आई पिंपाला ‘हे’ म्हणते. ‘हे आज जरा हळू आहेत’ असं सांगते आणि माझ्या अंगावर काटा येतो.

खरी भीती निराळीच आहे. आवाज नीट ऐकू यावा म्हणून ती झरोका बंद करून बसते. मी उघडते, ती लावते. आंबताना निघणारा वायू खाली साठतो. काल तिच्या गुडघ्यापाशी मेणबत्ती धरली तर विझली. म्हणाली, फुंकर त्यांनीच मारली. एक दिवस ही बसल्या जागी जाईल रे. तुमच्या वाळवलेल्या यीस्टनं हे आंबणं लवकर उरकता येईल का? लगेच कळव.

लोभ आहेच, कामही आहे.
तुझी ताई

२२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

उरकता येईल. सोबत पुडी पाठवतोय. कोमट पाण्यात भिजव, फेस आला की पिंपात ओत. आमचं यीस्ट खादाड आहे, उरलेली साखर भराभर फस्त करेल आणि पिंप गप्प होईल. बाबांचं यीस्ट मात्र त्यात टिकायचं नाही. बाबा पुडीतल्या यीस्टला ‘भाडोत्री’ म्हणायचे आणि मी त्याच कारखान्यात चिकटलो.

आई पुडीवरचं बारीक अक्षर वाचणारच. त्यात यीस्टबरोबर इमल्सिफायर लिहिलंय. सफरचंदाशिवाय काही नको म्हणणाऱ्या घरात त्यावरून महाभारत होईल. तिला सांग, वाळवताना यीस्टच्या कणाची कातडी फाटू नये म्हणून दिलेला तो पातळसा लेप आहे. तेलातल्या एका घटकापासून आणि फळांत असतो तसल्या गोड पदार्थापासून करतात. लेप नसेल तर कोरडा कण पाण्यात पडताच फुटतो.

आईला सांभाळ, आणि माझ्यावर रागावायचं राहू दे.
बारक्या

३० जानेवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

महाभारत झालं नाही, तेच वाईट. आईनं चष्मा लावून पुडी वाचली आणि विचारलं, वाळवल्यावर यीस्ट मरतं की झोपतं? मी म्हटलं, झोपतं. मग तिनं अट घातली. आधी ‘ह्यांना’ वाळवून ठेवायचं. तसं तुझं पत्र येईपर्यंत ती पुडी फोडू देणार नाही. पिंपाच्या तळातला गाळ बाटलीत भरून ट्रकवाल्या काकांबरोबर धाडलाय. लेप चांगला जाड दे म्हणाली, त्यांना थंडी सोसत नाही. मला हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मेणबत्ती आता तिच्या कमरेपाशीही विझते. घाई कर.
ताई

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईस शि. सा. न.

आई, गाळ वाळवला. पण आधी एक गाढवपणा केला. बाबांचा शब्द मोडवेना, म्हणून अर्धा गाळ लेपाशिवायच वाळवला. कोमट पाण्यात टाकला तर पाणी नुसतं गढूळ झालं आणि सगळं तळाशी बसलं. बाबांच्या नियमापायी अर्धे बाबा मीच घालवले.

उरलेल्याला लेप दिला. त्यातली चिमूटभर भिजवून बसलो. बराच वेळ काही नाही. मग फेस चढला आणि खोलीत बाबांच्या शर्टाचा वास आला. दिवसभर यीस्टमध्येच वावरणारा मी, उठून बाहेर निघून गेलो.

बाकीचं एका पुडीत बंद आहे. पुढच्या हंगामाचं पिंप त्यावर लागेल. कधी पाठवू? आता तरी ताईला तिची पुडी फोडू दे.

माया आहेच, ती वर येऊन कर.
तुझा बारक्या

२८ फेब्रुवारी

चि. बारक्यास आईचे आशीर्वाद.

ताईनं तुमचं यीस्ट ओतलं, मी पिंपाला हात लावून उभी होते. काही दिवस नुसता धुमाकूळ चालला होता. ह्यांनी जन्मात एवढी घाई कधी केली नाही, तेव्हाच कळलं की हे आता ते नाहीत. मग आवाज बंद झाला. झरोका मीच उघडला आणि वर आले. ताईनं पान वाढलं. जेवले, आणि जेवता जेवता पहिल्यांदा पोटभर रडले. ती बिचारी वाढायचं सोडून माझी पाठ चोळत बसली.

तू जपून ठेवलेली पुडी इकडे पाठवू नकोस. घरात आली तर मी पाणी कोमट करीन. मी स्वतःला ओळखते. पुढच्या खेपेला भाडोत्रीच लाव, लोक पितील.

ती तुझ्यापाशीच गार जागी ठेव. आणि बाळा, आठवण आली तरी चिमूटभरसुद्धा पुन्हा भिजवून बघू नकोस. एकदा मी त्यांना जाताना पाहिलं, एकदा ऐकलं. तुझ्या वाट्याला ते नको.

तुझी आई