पंचांगातली अकरा मिनिटं

॥ श्री ॥
खामगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी रडून घालवते, म्हणून हे पत्र. कानाचं मशीन बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायचं नसतं बाबा, कानात घालायचं असतं. तानुआत्या उंद्रीहून आली की तिला डबाच लपवायला सांगणार आहे.

तुमची नात पावणेदोन वर्षांची झाली. मान अजून धरत नाही. दोन्ही मुठी अंगठा आत घेऊन घट्ट मिटलेल्या असतात. अकोल्याच्या व्यायामाच्या मॅडम म्हणतात की दोन्ही हात छातीसमोर आणून जुळवता आले, तर पुढे आधाराने बसणं जमेल. सासूबाईंनी त्याला नमस्काराचा व्यायाम असं नाव ठेवलंय. दिवसातून चाळीस वेळा आम्ही गार्गीला नमस्कार करायला लावतो आणि एकही पुरा होत नाही.

बुलढाण्याला ग्राहक आयोगात आपली तक्रार दाखल झाली. वकील योगिनीताई फार नेटाने बघताहेत. आपलं म्हणणं एवढंच, की बाळाचे ठोके कमी होत असताना डॉक्टरीणबाई दवाखान्यात नव्हत्या, त्या यायला तास गेला आणि तोवर बाळ आत गुदमरलं. त्यांचे कागद सांगतात की त्या वेळेत आल्या, सिझेरियन करून दोन पस्तीसला बाळ काढलं आणि ते लगेच रडलं. पत्रिकेतही तुम्ही दोन पस्तीसच धरलंय, ते त्यांच्या कार्डावरूनच घेतलं असणार. आल्हाद तीन चाळीसला एसटीतून उतरून पोचले तेव्हा बाळ नुकतंच झालं होतं, असं ते शपथेवर सांगतात. पण तो बाप, तो सांगणारच, असं समोरचे म्हणतील. मला भूल दिली होती. तानुआत्या डबा आणायला घरी गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दाराशी होता ते एकटे तुम्ही.

घड्याळ बघितल्याशिवाय तुम्ही पाणी पीत नाही. तेव्हा डॉक्टरीणबाई किती वाजता आल्या आणि गार्गी किती वाजता झाली, एवढं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. तिचे व्यायाम, बूट, खुर्ची, आणि आम्ही दोघं गेल्यावर तिला कोण बघणार, हे सगळं त्या एका कागदावर आहे.

तुमच्या मायेवर माझं सगळं चाललंय, ती अशीच राहू द्यावी.

तुमची,
शरयू

॥ श्री ॥
चिखली,
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शरयूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, ओळ सरळ निघते आणि शेवटी डोंगर चढते. तुझ्या धाकाने मशीन कानात घातलं. आता गल्लीतली सगळी भांडणं ऐकू येतात, त्यापेक्षा डबा बरा होता.

इकडे तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. श्वास घ्यायला फुरसत नाही. आपल्या कारभारींच्या मुलीचं, राखीचं, बीबी गावच्या मुलाशी जमत आलंय. तिची पत्रिका मीच मांडलेली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. कारभारी इतके खूश झाले की कोथिंबीर, वांगी, मेथी असं अख्खं शेतच ओट्यावर आणून टाकलं. तानुने गार्गीसाठी तूप कढवून ठेवलंय, आल्हादराव आले की पाठवतो.

प्रतिज्ञापत्राचं म्हणशील तर बेटा, आता वय झालं. मिनिटांचं सांगायला गेलो आणि चुकलो तर तुमचंच नुकसान. शिवाय त्या बाई आपल्याशी वाईट वागल्या नव्हत्या, हेही खरं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. रागावू नको. पौषानंतर गार्गीचं ग्रहमान सुधारतं आहे.

म्हाताऱ्याची आठवण ठेवावी, लोभ करावा.

तुझा,
बाबा

खामगाव,
९ जानेवारी २०२५

श्री. लक्ष्मीकांत गुरुजी, चिखली, यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही.

दवाखान्याचं उत्तर आयोगात आलं. सोबत त्यांच्या फाइलमधली एक चिठ्ठी जोडली आहे. “माझ्या नातीचा जन्म आज दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी झाला. हीच वेळ आपल्या नोंदीत व कार्डावर घ्यावी, ही विनंती.” खाली तुमची सही, तारीख, आणि सवयीने वर काढलेलं श्री.

म्हणजे वेळ तुम्ही त्यांच्या कार्डावरून घेतली नाही. त्यांनी तुमच्याकडून घेतली. मुलीचे आजोबाच ज्योतिषी आहेत, त्यांनीच लेखी दिलेली वेळ आता खोटी कशी, असं त्यांचा वकील विचारतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

हे अक्षर ओळखता का, असं योगिनीताईंनी मला विचारलं. मी नाही म्हणाले. ज्या अक्षराने मला बाराखडी शिकवली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ओळखलं नाही. घरी येऊन आल्हादना खरं सांगितलं. ते गार्गीला घेऊन गच्चीत जाऊन बसले.

का केलंत, एवढंच लिहा. ग्रहमान लिहू नका.

शरयू

॥ श्री ॥
चिखली,
१४ जानेवारी २०२५

चि. शरयूस,

आशीर्वाद लिहायचा अधिकार मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. मनातून दिला आहे. आज संक्रांत, पण गोड बोल असं तुला सांगायला तोंड नाही.

त्या दिवशी आया गोजरबाई दार किलकिलं करून मुलगी झाली म्हणाली. मी घड्याळ पाहिलं, तीन वाजून वीस मिनिटं. मग पंचांग उघडलं. पुष्य नक्षत्र दोन चाळीसला संपून आश्लेषा लागलं होतं. आश्लेषेची मुलगी सासूच्या वाईटावर असते, असं आपल्यात म्हणतात. शांत करावी लागली असती, तुझ्या सासरी समजलं असतं, आणि तुझ्या सासूबाईंनी, सरस्वतीबाईंनी, पहिल्या दिवसापासून पोरीकडे कशा नजरेने पाहिलं असतं, हेच माझ्या डोळ्यांपुढे आलं. तुझी आई असती तर तिने मला अडवलं असतं. मी पाऊण तास मागे गेलो आणि नातीला पुष्य दिलं.

चाळीस वर्षांत मी हे अनेकांसाठी केलंय. पैशासाठी एकदाही नाही. आईबापांची झोप उडू नये म्हणून.

कार्ड आणि पत्रिका कुणी ताडून बघितली तर उघडं पडू, म्हणून डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले. गुरुजी, तुम्ही म्हणाल ती वेळ, फक्त दोन ओळी लिहून द्या, असं त्या लगेच म्हणाल्या. एवढी मोठी डॉक्टर आणि आपल्या श्रद्धेचा केवढा मान ठेवते, असं मी गावभर सांगत फिरलो. त्या वेळेची गरज माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती, हे मला कळलं नाही. तू नोव्हेंबरात लिहिलंस तेव्हा कळलं. तेव्हाही मी गप्प बसलो, कारण लाज वाटली. हा दुसरा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

आता पुढचं नीट वाच. पत्रिकेत मी काही लिहिलं तरी खरी वेळ पंचांगाच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहितोच. पत्रिका लोकांची असते, पंचांग माझं. आमच्यात कुणी बाळ बाहेर आल्याची वेळ धरतात, कुणी पहिल्या रडण्याची, म्हणून मी दोन्ही विचारतो आणि दोन्ही टिपतो. परवा तुझं पत्र आल्यावर ते पंचांग फळीवरून काढलं. कडेला लिहिलंय, “शरयूस मुलगी. बाहेर ३.२०. रडली ३.३१.”

अकरा मिनिटं, शरयू. गोजरबाई दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा मी सवयीप्रमाणे विचारलं, तिने आत्ता रडली म्हणून सांगितलं, आणि मी घड्याळ बघून लिहिलं. त्यापुढेही ती काही बोलत होती. मशीन घरी डब्यात होतं. काल तिच्या घरी जाऊन विचारलं. म्हणाली, महाराज, मी तवाच तुमाले सांगून राह्यली होती का पोरगी लय वेळ निळी पडेल होती, तुमीच मान हलवून पुस्तकात लिहत बसले. आयोगापुढे येतेस का विचारलं, तर म्हणाली, मले अजून तिथंच पोट भरा लागते.

मिनिटाची किंमत कळते म्हणून लोक माझ्या पाया पडतात. आणि ही अकरा मिनिटं माझ्याच हाताची, माझ्याच फळीवर पडून राहिली. माफी मागत नाही. काय करू ते सांग.

बाबा

खामगाव,
२५ जानेवारी २०२५

श्री. गुरुजी यांस,

योगिनीताई म्हणतात की कडेची नोंद फार मोलाची आहे, पण पान फाडून चालणार नाही. अख्खं पंचांग आयोगात द्यावं लागेल आणि तुम्हाला समोर बसून उलटतपासणी द्यावी लागेल. त्यात इतर घरांच्या मुलांच्या वेळा असतील, आणि त्यांतल्या काही पत्रिकांशी जुळणार नाहीत, हेही निघेल. गावात मग तुमचं काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी विनंती करणार नाही. गार्गीचे रोजचे चाळीस नमस्कार चालू आहेत. निर्णय तुमचा.

शरयू

॥ श्री ॥
चिखली,
१९ जून २०२५

चि. शरयूस,

बुलढाण्याला तू मागच्या बाकावर बसली होतीस, मी पाहिलं. बोलली नाहीस, ते बरोबरच केलंस. मशीन कानात होतं, एकही प्रश्न ऐकायचा राहिला नाही.

त्यांच्या वकिलाने विचारलं की गुरुजी, तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलता. मी सांगितलं, तेव्हा. मग अशी आणखी किती, असं विचारलं. त्या एका पंचांगात नऊ, असं सांगितलं. चष्मा लावून नऊही वाचून दाखवली. खोलीत कुणीतरी हसलं.

पुढचं तुला तानुकडून कळण्यापेक्षा मीच कळवतो. देवळाच्या विश्वस्तांनी आता विश्रांती घ्या म्हणून सुचवलं. पत्रिका परत यायला लागल्या. कुणी येऊन भांडतं, कुणी गुपचूप ओट्यावर ठेवून जातं. कारभारी मात्र घरात येऊन बसले. चहा घेतला नाही. महाराज, राखीची टायमिंग तरी खरी हाय का, का तीबी तुमच्या मनाचीच व्हय, असं त्यांनी विचारलं. राखीची वेळ खरी होती. तिच्या जन्माच्या वर्षीचं पंचांग काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी उघडून पाहिलं नाही. बीबीवाल्यांनी सोयरीक मोडली होती. माझ्या खऱ्याला आता गिऱ्हाईक नाही, आणि त्याची भरपाई ती पोर करते आहे.

रोज सकाळी सवयीने पंचांग उघडतो. विचारायला कुणी येत नाही.

गार्गीसाठी नवी पत्रिका मांडून सोबत पाठवतो आहे. कुणाला दाखवण्यासाठी नाही. आश्लेषा, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. पहिलं रडणं तीन एकतीस. खाली सही केली आहे.

लोभ मागत नाही. पोरीला जपा.

बाबा

खामगाव,
३० जानेवारी २०२६

ती. बाबांस,

आयोगाचा निकाल लागला. आपल्या बाजूने. त्यात लिहिलंय की त्या पंचांगातली जी मुलं इतर दवाखान्यांत जन्मली, त्यांपैकी सहा जणांच्या पेन्सिलीच्या वेळा त्या त्या दवाखान्यांच्या नोंदींशी मिनिटाला जुळल्या. म्हणून पत्रिका लिहिणारा माणूस विश्वासाचा नसला, तरी पंचांगाच्या कडेला लिहिणारा विश्वासाचा आहे. तुम्ही नऊ वाचलीत म्हणून दहावी खरी ठरली, असं योगिनीताई म्हणाल्या. अकरा मिनिटं हे शब्द निकालात चार वेळा आहेत. मी मोजले.

मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी मंजूर झालं. दवाखाना अपिलात चाललाय, म्हणजे नागपूरच्या फेऱ्या आल्या. पैसे हातात केव्हा येतील ते योगिनीताईही सांगत नाहीत. गार्गीला आता झटके सुरू झालेत, औषध बदललंय. व्यायामाच्या मॅडमनी परवा स्पष्टच सांगितलं की ती चालेल अशी आशा धरू नका. तिने बसावं, एवढीच आता आमची धडपड आहे. निकालाच्या दिवशी घरात कुणी पेढा आणला नाही.

नवी पत्रिका सासूबाईंच्या हाती लागली. मी घाबरलेच. त्यांनी चष्मा लावून वाचली, आश्लेषा म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, त्यात काय एवढं, माही बी आश्लेषाच व्हय. मग गार्गीला मांडीवर घेऊन भरवत बसल्या. हे तुम्हाला कळवू की नको, याचा आठ दिवस विचार केला. सासूबाईंना त्या दिवशी एक शब्द विचारला असतात, तर ती चिठ्ठी लिहायची वेळच आली नसती. तरी गार्गी अशीच राहिली असती, हेही मला समजतं. पण गेलं वर्षभर मी डॉक्टरीणबाईंवर रागावले नाही इतकी तुमच्यावर रागावले, कारण त्या परक्या होत्या.

राग गेलेला नाही. तुमच्या पाया पडते, असं मला अजून लिहिता येत नाही. चिखलीला तुम्ही एकटे असता आणि दिवसभर दारावर कुणी येत नाही, असं तानुआत्या सांगते. इथे व्यायामाला दोन माणसं लागतात, एकाने पाठ धरायची आणि एकाने हात. आल्हाद शाळेत असतात, सासूबाईंचे गुडघे गेलेत. या. मशीन कानात घालून या, तिचा आवाज फार बारीक आहे.

आज सकाळी मी तिच्या मुठी एकेक बोट करून उघडल्या, दोन्ही हात छातीसमोर आणले आणि माझ्या हातांनी जुळवून धरले. अकरापर्यंत अंक मोजले, तेवढा वेळ राहिले. तो तुम्हाला गार्गीचा नमस्कार. माझा अजून राहिला आहे.

शरयू