कागद न आलेले आठवडे

३ मार्च, सोमवार
आलेख जमला. शहरात फौज वाढली की मृत्यू कमी. इतका देखणा उतार आयुष्यात काढला नव्हता. लिंडा, आमची बॉस, खुर्चीमागे उभी राहून दोनदा म्हणाली, "धिस इज क्लीन." गुरुवारी हाच अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, समितीपुढे. त्यांचा प्रश्न एकच: आपल्या फौजेने ताब्यात घेतलेल्या परक्या शहरात आणखी सैनिक पाठवले तर रक्तपात थांबेल का?
फरीदाने खजूर वाटले. आमची भाषांतरकार, त्याच शहरातली. धाकटा भाऊ अजून तिथेच, बेकरी चालवतो. म्हणाली, "तुझ्यामुळे सैनिक त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहतील." छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

४ मार्च, मंगळवार
वाट लागली.
तिथल्या शवागारातला कारकून दर आठवड्याला मेलेल्यांच्या हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवतो. फरीदा इंग्रजीत करते, मी आकडे भरतो. आज ती जुने कागद लावत होती. मी सहज विचारलं, मधल्या आठवड्यांचे कुठायत?
"ते आलेच नाहीत. जादा फौज आली, पूल बंद केले. कारकून कामावर जाणार कसा?"
आणि मी तिथे शून्य भरलंय. कोडची एक ओळ: रिकामं दिसलं की शून्य. कॉलेजपासूनची सवय, आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे फौज आली, कागद थांबले, आणि मी लिहिलं की माणसं मरायची थांबली.
डबा तसाच परत आणला. बायकोने, सुजाताने, विचारलं, भाजी बिघडली का? हो म्हटलं.

५ मार्च, बुधवार
सकाळी निघायच्या आधी आईला नागपूरला फोन. ताईचं विचारलं. हा विषय आम्ही काढत नाही.
मी सात वर्षांचा होतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, दगडफेक, जाळपोळ, मग वस्तीत एसआरपी. शाळेत त्यांच्या गाद्या पसरलेल्या, शाळा बंद म्हणून मी खूश. त्यानंतर एक दगड उडाला नाही. पेपरात आलं, परिस्थिती नियंत्रणात. त्याच कर्फ्यूत ताईला दम्याचा झटका आला. बाबा तिला खांद्यावर घेऊन नाक्यापर्यंत गेले. कर्फ्यूचा पास नव्हता, पुढे सोडलं नाही. तिथेच, बाबांच्या खांद्यावर...
"आई, दंगलीत गेलेल्यांची यादी निघाली होती. त्यात ताईचं नाव होतं?"
"तिले कोणी मारलं का बाबू? यादीत कशी राहीन ते?"
मग तीच म्हणाली, "पण खरं सांगू का, एसआरपी आली ना, त्या रात्री मी पहिल्यांदा झोपली. घर जाळतीन म्हणून आठ दिवस डोळ्याला डोळा नव्हता."
दोन्ही खरं आहे. ह्याचा आलेख कसा काढतात?
ऑफिसात शून्यं काढून कोड परत चालवला. उतार गेला. फौजेने हिंसा वाढते असंही दिसत नाही, कमी होते असंही नाही. लिंडाला दाखवलं. ती वाईट बाई नाही. "तळटीप टाक ना," म्हणाली. समितीतले लोक तळटीप वाचत नाहीत हे तिला माहीत आहे, मलाही.
फरीदाला मीच सांगितलं. वाटलं होतं, बरं केलंस म्हणेल.
"त्यांनी सैनिक नाही पाठवले तर?"
"पाठवू नका असं मी म्हणत नाहीये."
"पाठवा असंही म्हणत नाहीस. माझा भाऊ रोज पहाटे त्या गल्लीतून जातो. तुझं माहीत-नाही घेऊन त्याने काय करायचं?"
 

६ मार्च, गुरुवार
सकाळी समितीच्या ऑफिसला मेल केली. नवा आलेख, आणि खाली स्वतःचं नाव: रिकाम्या जागी शून्य मी भरलं, चूक माझी. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. कुणासाठी ते नीट कळलं नाही. ताईसाठी इतक्या वर्षांत रडलो नव्हतो.
लिंडा एकटीच गेली. जुनाच आलेख दाखवला, नवा खिशात ठेवला, असं तिनेच येऊन सांगितलं. माझ्या मेलला उत्तर नाही.

११ मार्च, मंगळवार
समितीने निर्णय पुढच्या आठवड्यावर ढकलला. माझी मेल वाचून की दुसऱ्याच कशाने, कोण सांगणार. फरीदा बुधवारपासून माझ्याशी बोलली नव्हती.
आज ह्या आठवड्याची यादी आली. फोटो अर्धवट, खालचा भाग कापलेला. तिच्या भावाच्या भागाची ओळ त्यातच गेली. तो रकाना रिकामा ठेवला. फरीदा मागे येऊन कधी उभी राहिली, कळलं नाही.
"इथे काहीच का नाही?"
"माहीत नाही म्हणून."
तिने माझ्या शेजारची खुर्ची ओढली, बसली आणि भावाला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. रिंग जात होती. मी टायपिंग थांबवलं. रिंग जात राहिली.