पहिली वाटी

प्रिय अमोघ,

पत्र बघून हसशील. ई-रिक्षात बसून एक संत्रं सोलून होईपर्यंत तुझं दार येतं, फोनही आहे, आणि तुझी ही बहीण, जिज्जी, कागद घेऊन बसलीय. का, ते शेवटी सांगते. तोवर सावकाश वाच.

रविवारी तुझ्याकडे आले तेव्हा ऐश्वर्यानं लेकीचा, दिशाचा परकर दाखवला. स्वतःच्या लग्नातल्या पिवळ्या शालूचा शिवलाय. शिवरात्रीला दिशा देवळात रुद्र म्हणणार, आपल्या घराण्यात म्हणणारी पहिली मुलगी. तूच हट्टानं शिकवलंस, भाऊबंदांशी भांडलास, आणि मला त्याचा खरोखर अभिमान वाटतो. ऐश्वर्या चांदीची वाटीही घासत होती. म्हणाली, मुलगी असून रुद्र म्हणायला दिलं, मग वाटीत भेदभाव कशाला? सगळे हसले. तूही हसलास. मीही हसले असेन.

तुला पहिली वाटी मिळाली तेव्हा तू दिशाच्याच वयाचा होतास. रुद्र न अडखळता पहिल्यांदा पूर्ण म्हणणाऱ्याला भांगेच्या थंडाईची पहिली वाटी, घरच्या कर्त्याच्या हातून, सगळ्या मराठी मंडळींसमोर. बाबांनी तुला दिली आणि खुशीत तुझी पाठ थोपटत राहिले. मी बायकांत बसून बेलाची पानं निवडत होते. तुझी संथा ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालं होतं, पण मला कोणी विचारलं नाही. गंमत म्हणजे मला राग रुद्राचा आला नाही, वाटीचा आला. मी आईला म्हटलं, मला का नाही? आई म्हणाली, तू पानं निवड.

मग शिवरात्रीपुरती असलेली वाटी सोमवारी आली, प्रदोषाला आली, आणि तू बारावीत गेलास तोवर रोज संध्याकाळची झाली. तिला कोणी नशा म्हटलं नाही. म्हणणार कसं? दुकान सरकारी ठेक्याचं, बूटी शंकराची, पाटा आपल्या घरचा. दारू प्यायला असतास तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. भांग वाटलीस तर ते कौतुकानं सांगायचे, अमोघचा हात बसलाय हो.

तुझी लहानपणची ती बसस्टँडवरची करामत आठवते? मोठ, टहरौली, बरुआसागर, सगळ्या गाड्यांच्या वेळा तू संथेसारख्या एका दमात म्हणायचास. कंडक्टर मुद्दाम विचारायचे, "क्यों पंडितजी, टहरौलीवाली कब लगेगी?" आणि तू फलकाकडे पाठ करून सांगायचास. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष अर्ध्यावर सोडून आलास तेव्हा बाबा म्हणाले, त्याला संसाराची आसक्ती नाही. नोकरीत तुझ्यामागून आलेले पुढे गेले तेव्हाही तेच म्हणाले. गेल्या हिवाळ्यात तू आलं आणायला बरुआसागरला गेलास आणि रिकाम्या हातानं आलास. तळं फार छान दिसत होतं, म्हणालास. ऐश्वर्या हसून शेजारणीला म्हणाली, "हमारे ये तो एकदम भोले हैं." आपल्या घरात विसरण्याला वैराग्य म्हणतात, अमोघ. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर तुला कधीच कोणीतरी डॉक्टरकडे नेलं असतं.

मी नेलं, ते तुला आठवत असेल, निदान तिथला माशांचा काचेचा हौद तरी. डॉक्टरीणबाईंनी काही शब्द सांगितले, मग इकडच्यातिकडच्या गप्पा मारल्या आणि ते शब्द परत विचारले. तू फक्त "कंदील" म्हणालास आणि हसत माझ्याकडे बघितलंस, लहानपणी उत्तर अडलं की बघायचास तसं. मी भिंतीकडे बघत राहिले. "गांजा थोड़े ही है, डॉक्टरसाहब, पत्ती है," असं तू त्यांना समजावलंस. त्या म्हणाल्या, झाड तेच आहे, आणि त्यातलं द्रव्यही तेच. पोटातून गेलं की चढायला उशीर, उतरायलाही उशीर. रोज घेतलं की नवं शिकणं, लक्ष लावणं आणि ऐकलेलं धरून ठेवणं सैल पडतं. विशीपर्यंत, त्यानंतरही थोडी वर्षं, मेंदू घडत असतो. त्या वयात रोजची सवय लागली तर जास्त धोका. मी विचारलं, बुद्धी कमी होते का? त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, लहानपणी सुरू करून वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची बुद्धी मोजणीत उतरलेली काही अभ्यासांत दिसली आहे, पण त्यात घरचा, शिक्षणाचा वाटा किती, यावर वाद आहे. तुमच्या भावाचं काय भांगेनं गेलं आणि काय मुळातच तसं व्हायचं होतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. सोडली तर काही आठवड्यांत बरंच सुधारू शकतं. सगळं परत येईलच असं नाही.

तेव्हा तू काय झाला असतास, हे मला माहीत नाही आणि त्याचा हिशेब मी मांडत नाही. तू प्रेमळ आहेस, मुलीला जीव लावतोस. मला एवढंच दिसतं की श्रावणातल्या सोमवारी तू रुद्र म्हणताना शेवटच्या चमकातल्या एक, तीन, पाच या आकड्यांपाशी आलास आणि पुन्हा मागे गेलास. पुन्हा तिथेच आलास, पुन्हा मागे. लोकांना वाटलं, भाव दाटलाय. तुझ्या पाठीमागून दिशानं हळूच पुढचा आकडा म्हटला आणि तू तिचा आवाज धरून पलीकडे गेलास. देवळात सगळे खूश. "इस बार कटोरी बिटिया की," असं तिथेच ठरलं. पोरगी लाजली. तिची पाठ किती ताठ होती ते तू बघितलं नाहीस, ती तुझ्या मागे होती. पहिल्या वाटीच्या दिवशी तुझीही तशीच होती.

वाटीची रीत मोडू नकोस. तिनं ती कमावली आहे, आणि न मिळाल्याचा राग कसा असतो ते मला माहीत आहे. फक्त आतलं बदल. दूध, बदाम, बडीशेप, केशर, बस. आणि मंडळींसमोर सांग की आपल्या घरात यापुढे लेकराच्या वाटीत हेच असेल. मी सांगून चालणार नाही. देणारा हात कर्त्याचा, आणि बाबांनंतर कर्ता तू आहेस. हे मी तुला दिवाळीत सांगितलं होतं. संक्रांतीला सांगितलं, रविवारी जिन्यात पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा गंभीर झालास, माझा हात धरलास, आणि म्हणालास, बरोबर आहे जिज्जी, असंच करू. तू खोटं बोलत नव्हतास. म्हणून हे लिहिलं. तोंडचं तुझ्याकडे राहत नाही, कागद राहील. देवापुढे ठेवला तर फुलांखाली जाईल, ऐश्वर्याकडे दिला तर ती तुला वाईट वाटू नये म्हणून लपवेल. तेव्हा पाट्यावर, वरवंट्याखाली ठेवते आहे. तिथे यायला तू अजून एकदाही विसरला नाहीस. आज पत्ती भिजत घालण्याआधी वाच. नंतर वाचलंस तर तुला फार आवडेल, पण उद्या त्यातलं काही तुझ्याजवळ उरणार नाही.

तुझीच,
जिज्जी