काळपट दाणे

आई, आज प्रयोगशाळेत पुन्हा शेंगदाण्याचा नमुना नापास झाला. अहवाल लिहून होतोय तोवर नमुना पाठवणाऱ्या कारखान्याचे मालक स्वतःच आले. "मॅडम, खराब माल आम्ही माणसांना देतच नाही. तो पेंडीत जातो, जनावरांना." मी सांगितलं, बुरशीचं विष जनावरांनाही बाधतं, आणि दुधातून परत आपल्याच घरी येतं, दाणे भाजून जात नाही, दूध उकळूनही जात नाही. ते म्हणाले, "मग माणसानं खायचं तरी काय?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

तुझी विश्रांतवाडीची खानावळ आठवली. पत्रा गळून शेंगदाण्याचं पोतं भिजलं होतं. तू ते वाळवलंस आणि परात घेऊन निवडायला बसलीस. टपोरे दाणे जेवायला येणाऱ्या कामगारांच्या चटणीला, बारके आम्हा भावंडांना. सुरकुतलेले, काळपट दाणे तू स्वतःच्या तोंडात टाकतेस, कडू लागलं की डोळे मिटतेस, पण थुंकत नाहीस. हिरवी बुरशी धरलेले तेवढे शेजारच्या मावशींच्या कोंबड्यांना जातात. आठवडाभरात त्यांची पिल्लं माना टाकून मेली. मावशी रडत आल्या, तर तू म्हणालीस, "रोग आला असेल हो." तुला खरंच तसं वाटत होतं.

पुढे, तू जाण्याआधी, तुझं यकृत बिघडलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेत होतात का?" तेवढ्या दुखण्यातही तू ताडकन उठून बसलीस. "अहो, लग्नातलं सरबतसुद्धा मी आधी वास घेऊन पिते!" डॉक्टर हसले. दाण्यांचं मी काही बोलले नाही. दुखणं कशानं आलं ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही, आणि मी रोज हेच तपासते तरी मलाही सांगता येणार नाही.

पण कॉलेजात या विषाबद्दल शिकले, तेव्हा तू चांगली धडधाकट होतीस. त्या दिवशी घरी येऊन म्हटलं, "आई, ते काळे दाणे खाऊ नकोस, टाकून दे." तू परातीतून वर न बघताच म्हणालीस, "शिकलीस म्हणून अन्न टाकायला सांगतेस?" पुस्तक पिशवीतच होतं. ते पान काढून तुला वाचून दाखवायचं, एवढंच करायचं होतं. मी हात धुऊन जेवायला बसले. तू रागावशील म्हणून गप्प राहिले, असं भावाला सांगितलंय, म्हणून त्याच्या हाती लागू नये यासाठी हा कागद घरी नेणार नाही. खरं म्हणजे मला भूक लागली होती.